हाताशी ठेवलेलं मेंढीचं डोकं

एमबीबीएसची नवी बॅच आली की पहिल्या काही आठवड्यांत एक तक्रार हमखास कानावर येते. पुस्तकात धमनी लाल असते, शीर निळी असते आणि मज्जातंतू पिवळा. शवविच्छेदनाच्या टेबलावर मात्र सगळं एकाच रंगाचं, फॉर्मॅलिनमध्ये भिजलेल्या चामड्यासारखं. मुलं हिरमुसतात. मीही पहिल्या वर्षाला अशीच गोंधळले होते. काखेतला एक मज्जातंतू शोधण्यात मी अर्धा तास घालवला आणि तो सगळा वेळ तो माझ्याच चिमट्यात होता. मी पिवळा धागा शोधत होते आणि माझ्या हातात मातकट दोरी होती. मग ती दोरी काय कामाची?

शिकणाऱ्याचं डोकं म्हणजे कोरी पाटी, असं आपण सहज बोलून जातो. पाटी कोरी कधीच नसते. तिच्यावर आधीचं बरंच काही लिहिलेलं असतं, आणि नवीन अक्षरं त्या जुन्या अक्षरांच्या आधाराने किंवा त्यांच्या अडथळ्यानेच उमटतात. शिक्षणाचा अभ्यास करणारी मंडळी ही गोष्ट गेली कित्येक दशकं सांगत आहेत. मला ती नीट कळली ती मात्र साडेचारशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका डॉक्टरच्या आयुष्यावरून. त्याचं नाव आंद्रेअस व्हेसेलियस. शरीररचनाशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात हा माणूस जुन्या चुकांवर कुऱ्हाड चालवणारा वीर म्हणून भेटतो. तो तसा होताच. पण त्याआधी तो त्याच चुका मनापासून शिकलेला आणि इतरांना शिकवणारा मास्तर होता. मला त्याचा तो भाग जास्त जवळचा वाटतो.

व्हेसेलियसचा जन्म ३१ डिसेंबर १५१४ रोजी ब्रुसेल्समध्ये झाला. घरात वैद्यकी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. आजोबा डॉक्टर, वडील सम्राट पाचव्या चार्ल्सचे औषधनिर्माते. घरात जुने वैद्यक ग्रंथ होते, आणि घरापासून जवळच फाशी देण्याची टेकडी होती. तिथे गुन्हेगारांची प्रेतं लटकत ठेवली जात. लहानपणी हा मुलगा उंदीर, मांजरं, कुत्री जे मिळेल ते चिरून पाहायचा. लूव्हेनमध्ये भाषा आणि इतर विषय शिकून १५३३ मध्ये तो वैद्यक शिकायला पॅरिसला गेला.

त्या काळी वैद्यक शिकणं म्हणजे गेलेन शिकणं. गेलेन हा दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य, जन्म आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गमममध्ये. तरुणपणी त्याने तिथल्या ग्लॅडिएटरांच्या जखमा शिवल्या आणि पुढे रोममध्ये सम्राट मार्कस ऑरेलियसचा वैद्य झाला. माणूस विलक्षण हुशार होता. धमन्यांत हवा नसून रक्त असतं, हे त्याने प्रयोग करून दाखवलं. डुकराच्या गळ्यातला एक मज्जातंतू कापला की त्याचं ओरडणं बंद होतं, हेही दाखवलं. पण त्याच्या रोममध्ये माणसाचं प्रेत चिरण्याची सोय नव्हती. म्हणून त्याने माकडं, डुकरं, बैल, बकऱ्या चिरल्या आणि तिथे दिसलेलं माणसाच्या बाबतीतही खरं मानलं. पुढे तेराशे वर्षं युरोपात आणि अरब जगात त्याचे ग्रंथ हाच वैद्यकाचा पाया राहिला. यात एक गंमत आहे. पाहून, स्वतःच्या हाताने चिरून शिकावं, हे खुद्द गेलेनने लिहून ठेवलं होतं. त्याच्या शिष्यांनी बाकी सगळं घेतलं, एवढंच सोडलं.

पॅरिसमधला वर्ग कसा चाले ते ऐकण्यासारखं आहे. प्राध्यापक उंच आसनावर बसून गेलेनचा लॅटिन मजकूर वाचणार. खाली टेबलापाशी न्हाव्याचं आणि शल्यक्रियेचं काम करणारा एक माणूस प्रेत चिरणार. त्याला बहुधा लॅटिन येत नसे. तिसरा एक जण छडीने अवयव दाखवणार. वाचणारा पाहत नव्हता आणि पाहणाऱ्याला वाचलेलं कळत नव्हतं. विद्यार्थी कानाने ऐकलेलं डोळ्यांनी दिसल्याचं मानून घरी जात. व्हेसेलियसचे एक शिक्षक योहान ग्विंटर यांनी गेलेनच्या शवविच्छेदनावरच्या ग्रंथाचं नवं लॅटिन भाषांतर नुकतंच केलं होतं. पण जेवणाचं टेबल सोडून ग्विंटरच्या हातात सुरी कधी दिसली नाही, असा टोमणा या विद्यार्थ्याने पुढे मारला. दुसरे शिक्षक याकोबस सिल्व्हियस. फ्रान्समधले नामवंत शिक्षक आणि गेलेनचे कट्टर भक्त. ते वर्गात कुत्र्यांचे अवयव आणून दाखवत आणि शिकवत मात्र माणसाबद्दल.

या शिक्षणावर समाधान न मानता व्हेसेलियस पॅरिसच्या दफनभूमीत जाऊन हाडं गोळा करू लागला. जुन्या थडग्यांतून वर आलेल्या हाडांचे तिथे ढीग पडलेले असत. डोळे बांधून नुसत्या स्पर्शाने हाड ओळखायचं, अशा पैजा तो मित्रांशी लावत असे. १५३६ मध्ये फ्रान्स आणि सम्राट यांच्यात युद्ध सुरू झालं आणि त्याला पॅरिस सोडावं लागलं. लूव्हेनला परतल्यावर एका रात्री तो शहराबाहेरच्या वधस्तंभावर चढला. तिथल्या प्रेताचं मांस पक्ष्यांनी खाऊन संपवलं होतं, सांगाडा जवळजवळ अख्खा उरला होता. तो त्याने तुकड्यातुकड्यांनी घरी नेला आणि विचारणाऱ्यांना पॅरिसहून आणल्याचं सांगितलं.

हे वाचल्यावर वाटतं, इतकी हाडं हाताळलेल्या मुलाला गेलेनच्या चुका लगेच दिसल्या असतील. तसं घडलं नाही.

५ डिसेंबर १५३७ रोजी इटलीतल्या पादुआ विद्यापीठाने त्याला पदवी दिली आणि लगोलग शल्यक्रिया व शरीररचना शिकवण्याची जागाही दिली. वय पुरतं २३ देखील नाही. पहिल्याच सार्वजनिक शवविच्छेदनात तो उंच आसनावर चढला नाही. टेबलापाशी उभा राहिला, सुरी स्वतः हातात घेतली आणि चिरता चिरता शिकवू लागला. विद्यार्थ्यांना समजावं म्हणून त्याने मोठमोठी चित्रं काढली. त्यातली सहा चित्रं १५३८ मध्ये छापून प्रसिद्ध झाली. सांगाड्याची तीन चित्रं यान व्हान काल्कार या चित्रकाराची, रक्तवाहिन्यांची आणि अवयवांची तीन स्वतः व्हेसेलियसची.

त्या चित्रांत यकृताला पाच खंड आहेत. माणसाच्या यकृतात असे पाच खंड दिसत नाहीत, कुत्र्यासारख्या प्राण्यांच्या यकृतात अनेक सुटे खंड दिसतात. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक जाळं काढलेलं आहे. तेही माणसात नसतं. म्हणजे स्वतःच्या हाताने माणूस चिरणारा, उत्तम नजर असलेला, निर्भीड तरुण आपल्या हाताने गेलेनचं यकृत आणि गेलेनचं जाळं काढत होता. त्याला खोटं बोलायचं नव्हतं. त्याला ते तसंच दिसत होतं. निदान, तसं दिसायला हवं याची त्याला खात्री होती.

लहान मुलांवर झालेला एक अभ्यास इथे आठवतो. स्टेला वोस्निआडू आणि विल्यम ब्रुअर या संशोधकांनी मुलांना पृथ्वीच्या आकाराबद्दल प्रश्न विचारले आणि १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पायाखालची जमीन सपाट आहे, हे मुलाला रोजच्या अनुभवाने ठाऊक असतं. शाळेत सांगतात, पृथ्वी गोल आहे. मूल दोन्ही ठेवून घेतं. मग कुणाची पृथ्वी भाकरीसारखी गोल आणि चपटी होते, तर कुणाची आतून पोकळ चेंडूसारखी, ज्याच्या आत सपाट तळावर माणसं राहतात. मूल चुकलेलं असतं, पण आळशी नसतं. शिक्षकाचं आणि स्वतःच्या डोळ्यांचं, दोघांचंही खरं ठरावं म्हणून त्याने धडपड करून एक पृथ्वी बनवलेली असते. १५३८ ची ती चित्रं म्हणजे व्हेसेलियसची भाकरीसारखी पृथ्वी.

त्या जाळ्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं. बैल, मेंढी यांसारख्या प्राण्यांत मेंदूच्या तळाशी बारीक धमन्यांचं सुंदर जाळं असतं. गेलेनने ते पाहिलं, आणि त्याच्या सगळ्या शरीरशास्त्राचा एक खांब त्यावर उभा केला. त्याची मांडणी अशी: अन्नापासून यकृतात रक्त तयार होतं. त्यातलं काही हृदयाच्या उजव्या कप्प्यातून मधल्या पडद्यातल्या बारीक छिद्रांवाटे डाव्या कप्प्यात झिरपतं आणि तिथे हवेशी मिळून त्यात प्राणतत्त्व येतं. हे रक्त वर त्या जाळ्यात पोचलं की त्यातून मेंदूला लागणारं सूक्ष्म तत्त्व तयार होतं. तेच मज्जातंतूंतून वाहतं आणि त्यानेच आपण पाहतो, हलतो, विचार करतो. आता यातलं जाळंच काढून टाका. विचार कशाने करायचा? नुसती एक रक्तवाहिनी चुकली असती तर कुणीही दुरुस्त केली असती. इथे एक वीट काढली तर अख्खी भिंत पडत होती, आणि बदल्यात उभी करायला दुसरी भिंत कुणाजवळ नव्हती. बोलोन्याच्या बेरेंगारिओ दा कार्पीने व्हेसेलियसच्या आधीच लिहून ठेवलं होतं की माणसात त्याला हे जाळं सापडत नाही. फारसं कुणी ऐकलं नाही.

व्हेसेलियस पादुआत माणसाचं डोकं उघडून दाखवायचा तेव्हा ते जाळं त्यालाही सापडत नसे. सापडणार कसं? मग तो काय करी, हे त्यानेच पुढे आपल्या मोठ्या ग्रंथात कबूल करून ठेवलं आहे. माणसाच्या डोक्याचं प्रात्यक्षिक असेल त्या दिवशी तो मेंढीच्या कोकराचं किंवा बैलाचं डोकं हाताशी ठेवत असे. माणसात जे दिसत नाही ते त्या जनावराच्या डोक्यात दाखवायचं आणि विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवायचं. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट या नव्या प्राध्यापकाला सापडत नाही, असं कुणी म्हणू नये ही भीती त्यामागे होती. गेलेनवरचं प्रेमही होतं. आपण इतके भोळे कसे राहिलो याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं आणि लाजही वाटली.

मी हा कबुलीजबाब पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. कारण मेंढीचं डोकं हाताशी ठेवून मीही रुग्ण तपासलेले आहेत.

निवासी डॉक्टर असताना एका सरकारी रुग्णालयात माझ्या वॉर्डात सहा महिन्यांची गरोदर असलेली एक बाई आली. धाप लागत होती, रात्री झोपता येत नव्हतं. केसपेपरवर आधीच्या दवाखान्याने दमा लिहिलेला होता. दोन वर्षं दम्याची औषधं चालू होती. मी छातीला स्टेथोस्कोप लावला, शिट्टीसारखा आवाज ऐकू आला आणि दमा पक्का झाला. मी हृदय ऐकलं नाही असं नाही. ऐकलं, काही वेगळं नाही असं लिहिलंही. दुसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या आमच्या सरांनी केसपेपर न उघडता तिला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू हळूच छातीच्या खालच्या टोकाला ठेवली आणि मला ऐकायला लावलं. दूरवर ढग गडगडावेत तसा खर्जातला आवाज. मायट्रल झडप अरुंद झाली होती. लहानपणी कधीतरी ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेलेला असणार. झडपेपाशी अडलेल्या रक्ताचा दाब मागे फुप्फुसांवर येऊन त्यांत पाणी साचत होतं, आणि मी ऐकलेली शिट्टी त्या पाण्याची होती. गरोदरपणात हृदयावरचं काम वाढतं, म्हणून धाप वाढली. पुढे फुग्याने तिची झडप रुंद करण्यात आली आणि ती वाचली. बाळ मात्र राहिलं नाही.

तो आवाज आदल्या दिवशीही तिथेच होता. माझे कान चांगले होते आणि मायट्रल स्टेनोसिसवर परीक्षेत मी पानंच्या पानं लिहिली होती. पण मी दमा ऐकायला बसले होते. आधीचं ज्ञान म्हणजे नेहमी अज्ञान किंवा अंधश्रद्धाच असते असं नाही, हे मला इथे सांगायचं आहे. माझ्या डोक्यातला दमा हा अगदी शास्त्रशुद्ध दमा होता. गेलेनचं जाळंही खरंखुरं होतं, मेंढीच्या डोक्यात.

मग व्हेसेलियसच्या डोळ्यांवरची झापड कशी गेली? एका रात्रीत नाही, आणि कुणी तसं सांगितलं म्हणूनही नाही. १५३९ च्या सुमारास पादुआतल्या एका न्यायाधीशाने फाशी दिलेल्या गुन्हेगारांची प्रेतं त्याला मिळण्याची व्यवस्था केली. आधी वर्षाकाठी एखाददुसरं प्रेत मिळे, आता तीच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहता येऊ लागली. एकाच प्रेतात जाळं सापडलं नाही तर आपलाच हात चुकला असं म्हणता येतं. प्रत्येक वेळी सापडत नसेल तर ते म्हणणं अवघड होतं. त्याच सुमारास व्हेनिसमधल्या एका प्रकाशकासाठी तो गेलेनच्या ग्रंथांची लॅटिन भाषांतरं तपासून दुरुस्त करत होता. त्यासाठी प्रत्येक ओळ बारकाईने वाचावी लागली. ओळ वाचायची आणि टेबलावर पाहायचं, असं दोन्ही एकाच माणसाकडून, एकाच काळात घडू लागलं. गेलेनचा सर्वांत काळजीपूर्वक वाचक होता होता तो त्याचा टीकाकार झाला. भक्ती कमी करून हे झालं नसतं, असं मला वाटतं.

आणि मग बोलोन्या. जानेवारी १५४० मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी त्याला शवविच्छेदन करून दाखवायला बोलावलं. पद्धत जुनीच होती: आधी मात्तेओ कोर्ती हे वयोवृद्ध प्राध्यापक व्याख्यान देणार, मग व्हेसेलियस चिरून दाखवणार. दोघांत चांगलीच खडाजंगी झाली. बाल्दासार हेसेलर नावाच्या एका विद्यार्थ्याने त्या दिवसांची टिपणं काढून ठेवली म्हणून हे आपल्याला कळतं. कोर्ती गेलेनच्या शब्दाकडे बोट दाखवत आणि व्हेसेलियस टेबलाकडे. याच मुक्कामात त्याने एक माणसाचा आणि एक माकडाचा असे दोन सांगाडे जोडून शेजारी शेजारी उभे केले. गेलेनने मणक्यावरच्या एका टोकाचं वर्णन केलं होतं. ते टोक माणसाच्या मणक्यावर नव्हतं. माकडाच्या मणक्यावर होतं, हुबेहूब वर्णनाबरहुकूम.

मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. तोवर गेलेन कुठे कुठे चुकला एवढंच दिसत होतं, आणि एवढ्याने मन हलत नाही. थोर माणूसही एखाद्या ठिकाणी चुकतो, असं म्हणून आपण पुढे जातो. दोन सांगाडे शेजारी ठेवल्यावर मात्र गेलेन का चुकला ते कळलं. तो खोटं बोलला नव्हता, आंधळाही नव्हता. तो माकडाबद्दल खरं सांगत होता. विद्यार्थ्याचं उत्तर चूक आहे, हे लाल शाईने सांगणं सोपं असतं. पण ते उत्तर कुठल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे, हे त्याला दाखवता आलं तरच तो ते सोडायला तयार होतो.

पुढची तीन वर्षं व्हेसेलियसने झपाटल्यासारखं काम केलं. चित्रांचे लाकडी ठसे आल्प्स पर्वत ओलांडून स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला नेले गेले आणि १५४३ मध्ये योहानेस ओपोरिनसच्या छापखान्यातून ‘दे ह्युमानी कॉर्पोरिस फाब्रिका’ हा सातशे पानांच्या आसपासचा ग्रंथ बाहेर पडला. लेखकाचं वय २८. त्याच वर्षी कोपर्निकसचा ग्रंथ आला, हा योगायोग सगळेच सांगतात. फाब्रिकाचं मुखपृष्ठ जरूर पाहा. प्रेक्षकांनी खच्चून भरलेली शवविच्छेदनशाळा, मधोमध स्वतः व्हेसेलियस प्रेताला हात लावून उभा, आणि चिरणारे न्हावी टेबलाखाली वस्तऱ्यांवरून भांडताहेत. खालच्या कोपऱ्यांत एका बाजूला माकड आहे आणि दुसऱ्या बाजूला कुत्रा.

आत काय होतं? खालचा जबडा दोन हाडांचा नसून एकाच हाडाचा असतो. छातीच्या मधल्या हाडाचे सात नव्हे, तीन भाग असतात. यकृताचे पाच खंड गेले. मेंदूखालचं जाळं माणसात नाही, हे स्पष्ट लिहिलं आणि सोबत मेंढीच्या डोक्याची ती कबुली दिली. गेलेनच्या दोनशेहून अधिक चुका त्याने दुरुस्त केल्या असं सांगतात.

पण डोळ्याच्या चित्रात त्याने भिंग बुबुळाच्या अगदी मध्यभागी काढलं, जुन्या समजुतीप्रमाणे. प्रत्यक्षात ते पुढच्या बाजूला असतं. बरोबर जागा त्याचाच सहकारी रेआल्दो कोलोम्बो याने पुढे दाखवली. आणि हृदय? मधला पडदा त्याने नीट तपासला. जाड, घट्ट, स्नायूंचा. आरपार जाणारं एकही छिद्र सापडलं नाही. तरी त्याने लिहिलं काय, तर न दिसणाऱ्या वाटांनी रक्त पलीकडे झिरपवणाऱ्या विधात्याच्या कारागिरीचं नवल वाटतं. मेंदूखालचं जाळं टाकून देणारा माणूस हृदयापाशी थबकला. जाळं गेल्यावरही त्याला निभावून नेता येत होतं. छिद्रं गेली असती तर रक्त डावीकडे पोचतं कसं, हा प्रश्न उघडा पडला असता आणि त्याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं.

ग्रंथावर टीका झालीच, सर्वांत कडवी टीका पॅरिसच्या जुन्या गुरूंची. सिल्व्हियसनी १५५१ मध्ये शिष्याविरुद्ध एक पुस्तिकाच काढली आणि त्याच्या नावाचा वेडा या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी खेळ केला. त्यांचा युक्तिवाद अजब होता. गेलेन चुकलेला नाही, माणसाचं शरीरच त्यानंतर बदललं आहे. गेलेनच्या काळी माणसं धिप्पाड होती, म्हणून छातीच्या हाडाचे सात भाग असत. आताची माणसं खुजी. मांडीचं हाड वाकडं असायला हवं ते सरळ दिसतं, कारण लोक घट्ट विजारी घालू लागले, असंही त्यांनी म्हटल्याचं सांगतात. आपण हसतो. पण सिल्व्हियस मूर्ख नव्हते. आयुष्यभर शिकवलेलं वाचवण्यासाठी एक हुशार माणूस किती कल्पक होतो, ते यात दिसतं. हुशारी जितकी जास्त तितकी पळवाटही जास्त चांगली सापडते. हे मी आमच्या खात्याच्या बैठकांतही पाहिलेलं आहे, आणि कधीकधी आरशातही.

व्हेसेलियस खचला. ग्रंथ छापून झाल्यावर त्याने विद्यापीठ सोडलं आणि सम्राट चार्ल्सच्या दरबारी वैद्य झाला. जाताना गेलेनवरची स्वतःची टिपणं आणि इतर बरेच कागद त्याने जाळून टाकले. पुढे त्याला त्याचा पस्तावा झाला. सैन्याबरोबर फिरणं, जखमा बांधणं, राजघराण्याचं गाउट आणि अपचन सांभाळणं यात त्याची वर्षं गेली. तरी त्याची पाटी पुसणं थांबलं नव्हतं. १५५५ मध्ये फाब्रिकाची दुसरी आवृत्ती निघाली. हृदयाच्या पडद्यातून रक्ताचा कणही कसा पार जाऊ शकेल ते आपल्याला कळत नाही, असं आता त्याने उघड लिहिलं. पहिल्या वेळी गेलेनच्या मताशी जुळवून घेऊन लिहिलं होतं, हेही मान्य केलं. मध्ये बारा वर्षं गेली होती.

रक्त मग जातं कसं, हे त्याला शेवटपर्यंत उलगडलं नाही. कोलोम्बोने १५५९ मध्ये फुप्फुसांतून जाणारी वाट दाखवली. पादुआतच पुढे फाब्रिशियस यांनी शिरांमधल्या झडपा दाखवल्या. पण रक्त यकृताकडून बाहेर हातापायांकडे वाहतं, हेच डोक्यात असल्याने त्यांनाही वाटलं की या झडपा बाहेर जाणाऱ्या रक्ताचा वेग कमी करतात. त्यांच्या वर्गात बसलेला विल्यम हार्वी हा इंग्रज विद्यार्थी १६०२ मध्ये पदवी घेऊन गेला. त्या झडपा फक्त हृदयाच्या दिशेने उघडतात याचा अर्थ त्याने लावला आणि १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडलं. झडप तीच होती. गुरूंनी ती पाहिली होती, चित्रंही काढली होती.

१५६१ मध्ये पादुआच्या गॅब्रिएले फालोपिओने फाब्रिकातल्या चुका दाखवणारं पुस्तक लिहिलं, मोठ्या आदराने. ते माद्रिदमध्ये व्हेसेलियसच्या हाती पडलं. तिथे साधी एक कवटीही मिळत नाही, अशी त्याची तक्रार होती, तरी त्याने बसून सविस्तर उत्तर लिहिलं. ते पोचण्याआधीच फालोपिओ वारला. १५६४ मध्ये व्हेसेलियस जेरुसलेमच्या यात्रेला गेला. परतताना समुद्रप्रवासात हाल झाले आणि ग्रीसच्या झांते बेटावर त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्याचा मृत्यू झाला. वय ४९.

दुसऱ्या आवृत्तीची एक प्रत अलीकडे उजेडात आली. तिच्या समासांत आणि ओळींमध्ये हाताने लिहिलेल्या हजाराहून अधिक दुरुस्त्या आहेत. हे अक्षर खुद्द व्हेसेलियसचं असल्याचं अभ्यासकांनी तपासून सांगितलं आहे. तिसऱ्या आवृत्तीची ती तयारी होती. ती आवृत्ती कधीच निघाली नाही. कुठे शब्द खोडून दुसरा घातला आहे, कुठे वाक्य बदललं आहे, कुठे मजकुराची भर आहे. ही प्रत काही वर्षं टोरोंटोच्या ग्रंथालयात होती. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती लूव्हेन विद्यापीठाने विकत घेतली. तरुण व्हेसेलियसने ज्या शहराच्या वधस्तंभावरून हाडं खाली आणली होती, तिथे आता ती ठेवलेली आहे.